अंधाराला वास नसतो?

आमच्या सोसायटीतल्या सहावीच्या मुलांना मध्यंतरी घरचा अभ्यास मिळाला: ‘तुम्ही पाहिलेल्या एखाद्या अंधाऱ्या जागेचं पंचेंद्रियांच्या आधारे वर्णन करा.’ सोबत छापील तक्ता. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा असे पाच रकाने आणि प्रत्येकात किमान तीन शब्द भरायचे. एवढ्याशा कागदावरून आधी आमच्या बोरिवलीच्या आवारातल्या बाकांवर आणि मग शाळेच्या पालकसभेत जी खडाजंगी झाली, ती मी नातवाची आजी म्हणून शेवटच्या रांगेत बसून ऐकली. एका बाबांचं म्हणणं, जगात इतके छान विषय पडलेत, मुलांना मुद्दाम अंधारात कशाला ढकलता, काहीतरी पॉझिटिव्ह द्या. एका आईचं म्हणणं, विषय राहू द्या, पण तो तक्ता फाडा, मुलांची कल्पनाशक्ती मोकळी सोडा. बाईंचं म्हणणं, तक्त्याशिवाय निम्मी मुलं दोन ओळींच्या पुढे सरकत नाहीत, आणि पेपरात मार्क मुद्द्यांना असतात. तासभर हे चाललं. मुलांनी अंधार बघितलाय कुठे आणि कधी, हे काही कोणी विचारलं नाही.

मी तीस वर्षं मुंबईतल्या शाळांमध्ये मराठी शिकवलं. आता रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये दहा-बारा मुलांचा लेखनवर्ग घेते. त्यामुळे माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. मुलांना लिहितं करायला अंधाऱ्या जागेइतका चांगला विषय माझ्या पाहण्यात नाही. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणि ‘आमची सहल’ त्याच्यापुढे पाणी भरतील. मात्र ट्यूबलाइटखाली वही उघडून लिहायचा हा विषय नव्हे. आधी मुलाला अंधारात न्या, शेजारी स्वतः बसा, आणि मग लिहायला सांगा. एवढं होणार नसेल तर त्या बाबांचं ऐकून विषय बदललेलाच बरा.

त्या अभ्यासाच्या चार वह्या मी मागून घेऊन वाचल्या. चारही वह्यांत रातकिडे किरकिरत होते, तीन वह्यांत घुबड घूत्कारत होतं, दोन ठिकाणी लांबून कोल्हेकुई ऐकू येत होती. ही मुलं सातव्या आणि अकराव्या मजल्यावर राहतात. राष्ट्रीय उद्यान जवळ आहे म्हणून घुबडाला एक वेळ सूट देऊ. पण पडका वाडा, करकरणारा दरवाजा, कोळिष्टकं आणि फडफडणारी मेणबत्ती बोरिवली पश्चिमेत कुठून आली? एका वहीत ‘निःशब्दतेची चादर पसरली होती’ असं वाक्य होतं. त्याबद्दल विचारलं तर मुलगी सरळ म्हणाली, ‘‘आजी, ते मोबाइलनं लिहून दिलं.’’ जिभेच्या रकान्यात तर कमालच होती. अंधाऱ्या जागेत जिभेला लागणार काय? पण रकाना रिकामा राहिला तर मार्क जातात. म्हणून तिघांनी लिहिलं होतं, ‘भीतीची कडू चव’. मी हसले खरी, पण लगेच ओशाळले. हाच खोटेपणा मी वर्षानुवर्षं लाल पेनानं पास करत आले होते.

एक वही मनातून जात नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. निबंध होता ‘वीज गेली तेव्हा’. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘अंधाराला ओल्या टॉवेलचा वास येत होता.’ मी ते वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, ‘अंधाराला वास नसतो’. जुलै महिना होता. चाळीत जुलैमध्ये कपडे घरातच दोरीवर वाळतात, म्हणजे वाळत नाहीत. वीज गेली, पंखा थांबला, हवा थांबली आणि दिवसभर खोलीत असलेला, पण डोळ्यांच्या गडबडीत मागे राहिलेला तो वास पुढे आला. पोरानं घडलं ते जसंच्या तसं पकडलं होतं. त्याच निबंधात पुढे ‘सर्वत्र काळाकुट्ट अंधार पसरला’ असं होतं, त्याला मी बरोबरची खूण केली होती. तो मुलगा आता चाळिशीच्या पुढे गेला असेल. त्याची माफी मागायची राहून गेली.

आता त्या बाबांचा मुद्दा. सभेत काही जण त्यांना हसले, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सगळ्याच मुलांसाठी अंधार हा गमतीचा विषय नसतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ती रात्र पाणी शिरलेल्या घरात, वीज नसताना, पोटमाळ्यावर काढलेली मुलं नंतर माझ्या वर्गात बसली होती. त्यांना मी वर्णनासाठी दिवा मालवायला सांगितलं नसतं. रात्री वस्तीतल्या सार्वजनिक संडासापर्यंत एकटीनं जावं लागणाऱ्या मुलीलाही अंधार काय असतो हे शाळेनं शिकवायला नको. तिची भीती कल्पनेतली नाही, अनुभवातून आलेली आहे, आणि तिच्यासाठी दिव्याचा खांब निबंधापेक्षा महत्त्वाचा आहे. म्हणून एक गोष्ट मी बिनशर्त मान्य करते: अंधारात बसण्याची सक्ती कोणावरही नको. आणि ‘मला भीती वाटली’ असं लिहिण्याचीही नको.

ही दुसरी सक्ती मात्र आपल्या लक्षातच येत नाही. मुलांना भीती शिकवतं कोण? अंधारात वीस मिनिटं बसलेलं मूल, की अंधारात कधीच न बसता घुबड, कोल्हा आणि अंगावरचा काटा पाठ करणारं मूल? आपल्या छापील निबंधांतला अंधार कायम मेलेल्या माणसांच्या शेजारी राहतो. तिथे कोणी झोपत नाही, कोणी गप्पा मारत नाही, कोणी आईच्या कुशीत शिरत नाही. खरं म्हणजे आपण सगळे रोज सात-आठ तास अंधारात निवांत पडून असतो. बाबा म्हणतात तसा ‘पॉझिटिव्ह’ विषय हवाच असेल तर तो हाच आहे, फक्त तो अंगावर घ्यायला हवा.

डिसेंबर १९७१ मध्ये मी नऊ वर्षांची होते. आम्ही गिरगावात राहायचो. ३ तारखेला युद्ध सुरू झालं आणि मुंबईत ब्लॅकआउट आला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, आणि कुठे फट राहिली तर खालून ओरडा: ‘‘दुसरा मजला, दिवा बंद!’’ कागद चिकटवायला आईनं मैद्याची खळ केली होती. तिचा आंबूस वास पुढे पंधरा दिवस खिडकीपाशी होता, आणि माझ्यासाठी त्या युद्धाचा वास तोच. रात्री गॅलरीत बसून आम्ही पोरं कोण येतंय ते पावलांवरून ओळखायचो. जिन्याची सातवी पायरी सैल होती. ती वाजली की माणूस पहिल्या मजल्याच्या वर आला. युद्ध संपेपर्यंत चाळीतल्या प्रत्येकाचा खोकला मला पाठ झाला होता. भीती वाटत नव्हती असं नाही. भोंगा वाजला की पोटात गोळा यायचा. पण बाकी वेळ आमचे कान, नाक, तळवे असे काही कामाला लागले होते की भ्यायला सवड नसायची. आज माझ्या वयाच्या कोणालाही त्या दिवसांबद्दल विचारा, चालता-बोलता वर्णनपर निबंध ऐकायला मिळेल. एकही घुबड न येता.

आजच्या मुलांना तेवढा अंधार मिळतो कुठे? १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. पण ती वेळ सकाळी दहाची, आणि मुलांच्या आठवणीत राहिलं ते एवढंच की ऑनलाइन शाळा बुडाली. एरवी खिडकीबाहेर सोडियमचा नाही तर एलईडीचा उजेड, घरात राउटरचा हिरवा ठिपका, सेट-टॉप बॉक्सचा लाल. अंधेरीत राहणारी मुलं अंधाराला पारखी झाली आहेत, हा विनोद मी वर्गात करते आणि त्यावर कोणीही हसत नाही.

‘कल्पनाशक्ती मोकळी सोडा’ म्हणणाऱ्या आईंशी माझा मतभेद इथेच आहे. ऐकायला हे उदार वाटतं. पण मोकळी सोडलेली कल्पनाशक्ती सगळ्यात आधी पाठ असलेल्या वाक्यांकडे धावते, कारण जवळ तीच असतात. ज्या मुलानं कुबट वास घेतलेला नाही, त्याची कल्पनाशक्ती तो वास आणणार कुठून? शिदोरी न देता मोकळं सोडणं म्हणजे रिकाम्या डब्यानिशी सहलीला पाठवणं. ते मूल मग दुसऱ्याच्या डब्यातलंच खाणार, आणि आता तर तो डबा मोबाइलवर दोन सेकंदांत उघडतो.

बाईंचा तक्ता मला त्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. सभेत तक्त्यावर सगळे तुटून पडले, मी नाही. ज्याच्या घरी मराठी बोलली जात नाही, ज्याला कोऱ्या पानाचाच धसका आहे, अशा मुलाला ‘कानांना काय ऐकू आलं?’ हा प्रश्न काठीसारखा उपयोगी पडतो. तक्ता शोधणाऱ्याला नेमकी गोष्ट कळली होती: लिहिताना मुलं डोळ्यांच्या बाहेर जात नाहीत. अडचण पुढची आहे. तक्ता बनवणारा स्वतः उजेडात बसलेला असतो.

यावरून मला एका जुन्या लिपीची आठवण होते. फ्रान्समध्ये शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्यानं बोटांनी वाचायची, उठावाच्या ठिपक्यांची एक पद्धत काढली होती. तिला रात्रलेखन म्हणत. १८२१च्या सुमारास ती पॅरिसच्या अंधशाळेत आली. कल्पना अफाट होती, पण एकेका चिन्हात बारापर्यंत ठिपके. तेवढे ठिपके बोटाच्या एका पेराखाली मावत नाहीत, बोट वरखाली फिरवावं लागतं, आणि तोवर आधीचं हरवतं. डोळस माणसानं कागदावर आखलेली लिपी ती. त्या शाळेत लुई ब्रेल नावाचा लहानपणी दृष्टी गेलेला मुलगा होता. त्यानं १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, बारा ठिपक्यांचे सहा केले, कारण पेराखाली किती मावतं हे त्याच्या पेराला ठाऊक होतं. आमच्या तक्त्यातला जिभेचा रकाना हा बार्बिएचा सातवा ठिपका आहे. अंधारात बसून आलेल्या मुलाला विचारा, तो रकाना पहिल्या झटक्यात उडवेल आणि कदाचित दोन नवे मागेल. ‘पायांना काय कळलं?’ हा एक तर नक्कीच.

आणि हे सगळं आपल्याकडे नवं आहे अशातलाही भाग नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. नूतन बाल शिक्षण संघ निघाला तो १९२६ मध्ये. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ही मंडळी जिच्या वाटेनं गेली त्या मॉन्टेसरी पद्धतीत इंद्रियशिक्षण हा पायाच. डोळ्यांवर पट्टी बांधून खरखरीत-गुळगुळीत पट्ट्या ओळखायच्या, डब्या हलवून आवाजांच्या जोड्या लावायच्या, वासाच्या कुप्या हुंगायच्या. बालवाडीत याला कोणी ‘मुलांना अंधारात ढकलणं’ म्हटलं नाही. मग पहिलीच्या दारात असं काय घडतं की चार वर्षांच्या मुलाला असलेले पाच दरवाजे अकरा वर्षांच्या मुलाला बंद होतात आणि उरतात फक्त डोळे आणि पुस्तक? मला वाटतं, त्या दारात आपण इंद्रियं काढून घेतो आणि विशेषणं देतो. काळाकुट्ट, भयाण, भेसूर, गूढ.

विशेषणांचा हा सोस मराठीच्या वळणालाच धरून नाही. आपल्याकडे अंधाराची क्रियापदं आहेत. अंधारून येतं, काळोखतं, दिवा गुडूप होतो. चाचपडणं, ठेचकाळणं, अडखळणं, कानोसा घेणं. ‘चाचपडणं’ हा शब्द तर हाताच्या पंजालाच डोळे देतो. किर्र अंधार म्हणतो तेव्हा आपण दिसण्याला ऐकण्याचा शब्द लावलेला असतो, तो रातकिड्यांमुळे. म्हणूनच सोसायटीच्या जिन्यातला अंधार किर्र नसतो, हे मुलांना समजावून सांगावं लागतं. कोंदट, दमट आणि कुबट हे तीन शब्द मुलं एकमेकांच्या जागी वापरतात. मी त्यांना व्याख्या देत नाही. स्वयंपाकघरावरच्या माळ्यात डोकं घालायला लावते. वर्षभर बंद असलेली हवा, ती कोंदट. पावसाळ्यात गोधड्यांना हात लावल्यावर लागतो, तो दमटपणा. आणि त्या गोधड्यांचा, गणपतीच्या मखराच्या जुन्या पुठ्ठ्यांचा, डांबरगोळ्यांच्या आडून येणारा जो वास, तो कुबट. एकदा शिंक आली की हे शब्द आयुष्यभर वेगळे राहतात.

जानेवारीत मी वर्गातल्या सात मुलांना आमच्याच इमारतीत घेऊन गेले. आवारातल्या जास्वंदीपाशी आम्ही सूर्यास्तानंतर वीस मिनिटं नुसते उभे राहिलो. फूल आधी काळं होतं की पान, एवढंच बघायचं होतं. सगळ्यांनी पैज पानावर लावली, कारण फूल लालभडक. आणि फूल आधी काळं पडलं. पानं त्यानंतरही बराच वेळ राखाडी हिरवी दिसत राहिली. उजेड ओसरला की आपले डोळे रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींवरून दंडपेशींवर येतात. त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही, निळं-हिरवं त्यामानानं उजळ भासतं. पुर्किन्ये या शास्त्रज्ञानं हे १८१९ मध्येच नोंदवलं होतं. आता सांगा, ‘हळूहळू अंधार पडला’ हे वर्णन, की ‘आधी जास्वंद विझली’ हे?

मग गच्चीच्या दाराआधीच्या शेवटच्या जिन्यावर गेलो. तिथला बल्ब गेले सहा महिने गेलेला आहे (सेक्रेटरींना सांगून झालंय). अटी अशा होत्या: कठड्याला धरून बसायचं, टॉर्च माझ्या खिशात, कोणालाही कधीही उठून खाली जायची मुभा, कोणी कोणाला घाबरवायचं नाही आणि वही-पेन आणायचंच नाही. पहिली पाच मिनिटं खुसखुस आणि कोपरखळ्या. मग लिफ्टच्या मशीनच्या खोलीतून ‘खट्’ असा आवाज आला, मागोमाग मोटर घरघरली आणि सगळी गप्प झाली. भिंतीपलीकडे टाकीत पाणी पडत होतं. ग्रीसचा कोमट वास होता आणि त्याखाली कबुतरांच्या शिटीचा, सुका, नाकात टोचणारा. दहाएक मिनिटांनी एक मुलगा कुजबुजला, दाराची कडी दिसतेय, पण तिच्याकडे बघितलं की नाहीशी होते आणि बाजूला बघितलं की येते. त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. त्याचं काहीच चुकत नव्हतं. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच, म्हणून अंधुक वस्तू तिरक्या नजरेनं दिसते. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. घरी आपण दिवा मालवून अर्ध्या मिनिटात मोबाइल उघडतो, त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांची ही ताकद पुष्कळांना म्हातारपणापर्यंत कळत नाही.

एक मुलगी हात पुढे न करता वरच्या भिंतीकडे चालत गेली आणि तीन-चार बोटांचं अंतर असताना थांबली. खाली आल्यावर तिनं लिहिलं, ‘भिंत हाताच्या आधी गालाला कळली.’ तीस वर्षांपूर्वी मी हेही खोडलं असतं. पुष्कळ अंध माणसं अगदी हेच सांगत आली आहेत, की पुढचा अडथळा चेहऱ्याला जाणवतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा छडा लावला आणि १९४४ मध्ये निष्कर्ष छापले. चेहरा झाकला तरी माणसं भिंतीआधी थांबत होती, कान बंद केले की आदळत होती. म्हणजे काम कानांचं, पावलांच्या प्रतिध्वनीचं, आणि जाणवतं गालावर. त्या पोरीनं रकाना चुकवला होता, निरीक्षण नाही. तक्त्यात हे वाक्य ‘कान’मध्ये टाकायचं की ‘त्वचा’मध्ये? दुसऱ्यानं लिहिलं, ‘कठडा सोडल्यावरही हाताला कठड्याचा वास होता.’ गंमत अशी, की लोखंडाचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो निव्वळ लोखंडाचा नसतोच. आपल्याच कातडीवरच्या तेलकटपणाशी लोखंडाचा संबंध आला की तो तयार होतो. तो वास थोडा कठड्याचा आणि बराचसा त्या मुलाचा होता.

सातातला एक मुलगा तिसऱ्या मिनिटाला उठला होता. कारण विचारलं नाही. तो खालच्या मजल्यावर, दिव्याखाली पायरीवर बसून राहिला. त्यानं लिहिलं ते वरच्या सहा जणांबद्दल: कोणाची चप्पल घासली, कोण नाक ओढत होतं, आजी मधेच कशी खाकरली, आणि एका क्षणी वरून काहीच ऐकू येईना तेव्हा त्यानं तीन पायऱ्या वर येऊन कसं पाहिलं आणि परत खाली कसा गेला. सातांत ते सगळ्यात लांब होतं. ‘भीती’ हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

सगळ्यांनाच असा जिना मिळणार नाही, मान्य. पण मुंबईत जागांची वाण नाही. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत, बसाल्टच्या कातळात खोदलेली. गर्दी चैत्यगृहात असते. मुलांना तिथे न रमवता एखाद्या साध्या, एकच खोली असलेल्या विहारात न्यावं, जिथे दगडी ओट्याशिवाय काही नाही. पावसाळ्याचे महिने भिक्षू अशा खोल्यांत राहायचे. ओट्यावर बसलं की मे महिन्यातही मांड्यांना गारवा लागतो. बाहेर पाण्याची टाकी असते, तिथल्या शिलालेखांत तिला ‘पोढी’ म्हटलंय. तिच्यावर वाकून नाव घेतलं की ते कसं परत येतं ते ऐकावं. ठाण्याच्या पुढे राहणाऱ्यांना तर २०२२पर्यंत फास्ट लोकलमध्ये पारसिकचा बोगदा फुकट मिळायचा. १९१६चा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. खिडकीत बाहेरचा काळोख दिसायचाच नाही, डब्यातल्या दिव्यांमुळे आपलंच तोंड दिसायचं. बोगदा लागला हे कानांना कळायचं, आणि डब्यातली माणसं एकदम मोठ्यानं का बोलायला लागली ते तेव्हा लक्षात यायचं.

राहता राहिला मार्कांचा प्रश्न, आणि बाईंची बाजू इथे सगळ्यात भक्कम आहे. साठ वह्या तपासायच्या, बाकीची कामं वेगळीच, त्यात प्रत्येकाच्या गालाचं आणि कठड्याचं कौतुक कधी करणार? रातकिडे आणि घुबड तपासायला सोपे जातात, हे मी स्वतः तीस वर्षं अनुभवलंय. माझा तोडगा काही थोर नाही. वीस ओळी मागूच नका. पाच मागा. अंधार, काळोख आणि भीती हे तीन शब्द वापरायला बंदी घाला. आणि तपासताना एकच बघा: तिथे बसल्याशिवाय लिहिताच आलं नसतं असं एक तरी वाक्य आहे का? असेल तर पूर्ण मार्क, बाकी शुद्धलेखनाचं नंतर पाहू. साठ वह्यांना एका संध्याकाळीहून जास्त वेळ लागत नाही, मी लावून पाहिलाय. शिवाय मोबाइलनं लिहिलेला मजकूर या चाळणीत आपोआप अडकतो. निःशब्दतेच्या चादरी त्याच्याकडे ढिगानं आहेत. आमच्या जिन्यातली कबुतरं त्याला माहीत नाहीत.

हे सगळं मी त्या बाबांना आवारातल्या बाकावर बसून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘‘मावशी, खरं सांगू? लहानपणी आमच्या घरी माजघराला खिडकीच नव्हती. मला अजून लाइट लावूनच झोप लागते.’’ मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, पुढच्या रविवारी मुलाबरोबर त्यांना जिन्यावर आलेलं चालेल का. म्हटलं, या की. मोबाइल खाली घरी ठेवून या, आणि कठड्याच्या बाजूला बसा.